अमेरिकेहून मिक्सर येणार असेल, तर आधी बुडाची पट्टी वाचा

बडोद्यात थंडी पडली की परदेशातली मंडळी घरी यायला लागतात. त्याच्या महिनाभर आधीपासून फोनवर एकच प्रश्न चालू असतो, "येताना काय आणू?" स्वयंपाकघरातली विजेची वस्तू आणायची असेल तर त्याला एकच उत्तर आहे: दुकानात उभं राहून वस्तू उलटी कर, बुडाला चिकटवलेल्या पट्टीचा फोटो काढ आणि पाठव. रंग, डिस्काउंट, किती तारे मिळालेत ते नंतर.

त्या पट्टीवर तीन गोष्टी असतात. व्होल्ट, हर्ट्झ (वीज सेकंदाला किती वेळा कंप पावते, म्हणजे फ्रिक्वेन्सी) आणि वॉट (किंवा अँपिअर). आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. पट्टीवर "१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ" असेल तर फक्त पिनेचा प्रश्न. "२२०–२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ" असेल तरी तेच. नुसतं "१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ" असेल तर पुढचं सगळं वाचा. मोबाइलचा चार्जर कुठेही चालतो म्हणून मिक्सरही चालेल, असं पुष्कळांना वाटतं. चार्जर आणि लॅपटॉप दोन्ही व्होल्टेजवर चालतात, कारण ते तसे बनवलेले असतात. स्वयंपाकघरातल्या ताकदीच्या वस्तू जवळजवळ कधीच तशा नसतात.

देशांचं थोडक्यात सांगतो. अमेरिका आणि कॅनडा १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. तैवान ११०, तेही ६० हर्ट्झ. इंग्लंड, युरोप, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, दुबई हे सगळे आपल्यासारखेच, २३० च्या आसपास आणि ५० हर्ट्झ. दक्षिण कोरिया फसवा आहे: २२० व्होल्ट, पण ६० हर्ट्झ. आखातातही सगळीकडे सारखं समजू नका, सौदीत ६० हर्ट्झ आहे. जपान १०० व्होल्ट, आणि तिथे तर एकाच देशात दोन फ्रिक्वेन्सी: टोकियोच्या बाजूला ५० आणि ओसाकाच्या बाजूला ६०. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टोकियोने जर्मन जनरेटर घेतले आणि ओसाकाने अमेरिकन, ते भांडण अजून मिटलेलं नाही.

व्होल्टेज दुप्पट झालं की उष्णता दुप्पट होते, असा एक गोड गैरसमज आहे. दुप्पट नाही, चौपट. तापणाऱ्या कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १२० व्होल्टचा १००० वॉटचा टोस्टर २३० वर लावला तर २३० भागिले १२०, त्याचा वर्ग, म्हणजे ३.६७ पट. तो टोस्टर ३६७० वॉट खेचायला लागतो. जपानी १०० व्होल्टची वस्तू असेल तर ५.२९ पट. कॉइल काही सेकंदांत पांढरी होऊन तुटते, नाहीतर बोर्डावरचा एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो. एमसीबी पडला तर नशीब समजा.

उलट बाजूनेही हेच गणित लागू पडतं. इथला २३० व्होल्टचा १००० वॉटचा हीटर अमेरिकेत नेला तर तिथे जेमतेम २७० वॉट देतो. मुलीला न्यू जर्सीत मिक्सर पाठवायचा असेल तर आपल्या कंपन्यांचे ११० व्होल्टचे मिक्सर आणि वेट ग्राइंडर मिळतात, तेच पाठवा. इथला रोजचा मिक्सर तिकडे चटणी वाटत नाही, नुसता कण्हतो.

फ्रिक्वेन्सीकडे कोणी बघत नाही आणि तिथेच महागाची वस्तू जाते. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. ६० चे ५० झाले की नेमकं काय होतं, ते मायक्रोवेव्हमध्ये बघा. जुन्या पद्धतीच्या मायक्रोवेव्हमध्ये एक जड ट्रान्सफॉर्मर असतो, त्याचा लोखंडी गाभा ६० हर्ट्झसाठी मोजून बनवलेला. ५० वर त्याच व्होल्टेजला गाभ्यातला चुंबकीय प्रवाह वीस टक्के वाढतो, गाभा भरून जातो, वाइंडिंग नको तितका करंट ओढतं आणि तापतं. वास पहिल्या दिवशी येत नाही, पण मे महिन्यात हमखास येतो. काही मायक्रोवेव्हची घड्याळं बोर्डातून येणाऱ्या विजेची कंपनं मोजून चालतात. ती आपल्याकडे तासाला दहा मिनिटं मागे पडतात. टायमरही तसाच: मिनिट लावलं की प्रत्यक्षात ७२ सेकंद चालतं. पापड का करपतोय याचं कोडं इथे सुटतं.

फ्रीजचा कॉम्प्रेसरही याच कारणाने नको. आता मिक्सर आणि ब्लेंडरचं वेगळं आहे. त्यांच्यात कार्बन ब्रशची मोटर असते आणि तिला हर्ट्झचं फारसं देणंघेणं नसतं. व्होल्टेज बरोबर मिळालं की ती चालते. म्हणून १२० व्होल्टच्या जगातून काही आणायचंच असेल तर ब्रशची मोटर असलेली वस्तू आणावी. तापणारी वस्तू आणू नये. मायक्रोवेव्ह, फ्रीज, वाइन कूलर यांचं तर नाव काढू नये.

टोस्टर, एअर फ्रायर, किटली, वाफल मेकर, राइस कुकर या तापणाऱ्या वस्तू इथे २३० व्होल्टच्या मिळतात, आणि तिकडच्या वस्तूला लागणारा ट्रान्सफॉर्मर वस्तूपेक्षा महाग आणि जड पडतो. बटणांचा प्रेशर कुकर हवा असेल तरी २३० चं मॉडेल शोधा. जपानी राइस कुकरच हवा असेल तर तोही मिळतो, झोजिरुशी आणि टायगर या कंपन्या परदेशासाठी २२०–२३० व्होल्टची मॉडेलं काढतात. जपानमधल्या मोठ्या दुकानांत ती वेगळ्या रांगेत ठेवलेली असतात. शिकागोच्या डेव्हन अॅव्हेन्यूवर आणि न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये "२२० व्होल्ट" अशी पाटी लावलेली देशी दुकानंही आहेत. तिथून घेतलेली वस्तू इथे थेट चालते, फक्त पट्टी वाचायची ती वाचाच.

अमेरिकेतली मोठी कुकिंग रेंज काही जण सामानाबरोबर कंटेनरमधून आणतात, कारण "ती तर २४० व्होल्टची आहे". अर्धं खरं आहे. अमेरिकेत त्या रेंजला चार तारा येतात: १२० च्या दोन उलट्या फेज, न्यूट्रल आणि अर्थ. बर्नर दोन फेजच्यामध्ये २४० वर चालतात, पण आतला दिवा, पंखा, घड्याळ आणि कंट्रोलचं कार्ड एका फेज आणि न्यूट्रलमध्ये १२० वर. आपल्याकडे एक फेज आणि एक न्यूट्रल. बर्नर तापतील, कार्ड जळेल.

जर्मनीहून आलेल्या इंडक्शन हॉबचं व्होल्टेज बरोबर असतं, अडचण लोडची असते. चार झोनचा हॉब सहसा ७.२ किलोवॉटचा. एका फेजवर तो ३१ अँपिअर ओढू शकतो. १६ अँपिअरच्या पॉइंटवर तो लावायचा नसतो. मागच्या बाजूला टर्मिनल ब्लॉक असतो आणि झाकणावर आकृत्या छापलेल्या असतात: एका फेजसाठी पितळी पट्ट्या कुठे जोडायच्या, दोन फेजसाठी कुठे काढायच्या. वायरमनला ती आकृती दाखवा, अंदाजाने करू देऊ नका. मीटरपासून वेगळी ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि स्वतंत्र एमसीबी लागतो. आणि त्याही आधी एमजीव्हीसीएलच्या (इथल्या वीज कंपनीच्या) बिलावर मंजूर लोड किती आहे ते बघा. तिथे ३ किलोवॉट छापलेलं असताना हॉब आणि गीझर एकदम चालवायचा विचार असेल तर आधी लोड वाढवण्याचा अर्ज करावा.

आता ट्रान्सफॉर्मर. इथे सगळ्यांत जास्त फसवाफसवी होते.

विमानतळावर आणि ऑनलाइन "व्होल्टेज कन्व्हर्टर, २००० वॉट" म्हणून मुठीत मावणारी एक डबी मिळते. तो ट्रान्सफॉर्मर नव्हे. त्यात ट्रायक नावाचा भाग लाटेचा तुकडा कापून सरासरी खाली आणतो. हेअर ड्रायर पाच मिनिटं चालवायला ठीक, कारण कॉइलला लाटेच्या आकाराची पर्वा नसते. मोटर आणि इलेक्ट्रॉनिक कार्डला असते. मिक्सरला लावली की मोटर घुरघुरते, तापते, कधी डबी आधी जाते, कधी मोटर. खरा ट्रान्सफॉर्मर लोखंड आणि तांब्याचा असतो आणि तो हातात घेतला की कळतं. १००० व्हीएचा (व्हीए म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, ट्रान्सफॉर्मरची ताकद) म्हणून कोणी दिलेला डबा एका बोटावर उचलता आला, तर तो दुकानदाराला परत द्या.

बडोद्यात तो मिळायला अडचण नाही. मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत ट्रान्सफॉर्मरवाल्यांची कमी नाही. विजेच्या उपकरणांच्या चाचण्या करणारी, १९७४ साली स्थापन झालेली एर्डा ही संस्थाही तिथेच आहे. म्हणून तिकडून ट्रान्सफॉर्मर आणू नका, २३ किलोच्या बॅगेतलं वजन कशाला घालवायचं? इथे सांगून बनवून घ्या. सांगताना एक आकडा नीट सांगा. तयार मिळणाऱ्या डब्यांवर बहुतेक वेळा ११० व्होल्ट लिहिलेलं असतं. तुमची वस्तू १२० ची असेल तर ११० वर कॉइल ८४ टक्केच ताकद देते. "इनपुट २३०, आउटपुट १२०, कॉपर वाइंडिंग, सतत चालणारा" असं कागदावर लिहून द्या. जपानी वस्तूसाठी १०० चा वेगळा. अमेरिकन १२० च्या डब्यावर जपानी वस्तू लावली तर तीही ४४ टक्के जास्त तापते.

किती व्हीएचा घ्यायचा? तापणारी वस्तू असेल तर पट्टीवरच्या वॉटच्या सव्वापट. मोटर असेल तर दुप्पट किंवा जास्त, कारण सुरू होताना मोटर दोन-तीन पट करंट खेचते. ३२५ वॉटच्या स्टँड मिक्सरला ७५० व्हीए पुरे, १००० असला तर बरं. १००० वॉटच्या मल्टिकुकरला १५००. १४०० वॉटच्या ब्लेंडरला ३ केव्हीए, आणि तिथे तो विचार सोडून द्यावा हे उत्तम. २३० च्या बाजूला १५०० वॉट म्हणजे साडेसहा अँपिअर, तेव्हा डब्याला १६ अँपिअरचाच प्लग लावून घ्या.

स्वस्तात मिळतो तो ऑटो ट्रान्सफॉर्मर. त्यात एकच वाइंडिंग असतं आणि मधूनच १२० चा टॅप काढलेला असतो. हलका आणि कार्यक्षम, पण दोन खोडी आहेत. एक, टॅपच्या खालचा, न्यूट्रलकडचा भाग तुटला तर पुढच्या वस्तूवर सरळ २३० येतात. दोन, इनपुटला फेज आणि न्यूट्रल उलटे झाले तर व्होल्टमीटर बाहेर १२० च दाखवतो, पण ज्या तारेला वस्तू न्यूट्रल समजते तिच्यावर २३० असतात. म्हणून आधी घरचा सॉकेट तपासा: समोरून बघताना अर्थचं मोठं भोक वर, फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे. टेस्टर उजव्या भोकात पेटला पाहिजे, डाव्यात नाही. दांडिया बाजारातल्या, रावपुऱ्यातल्या जुन्या घरांत हे उलटं सापडणं आणि अर्थ नुसताच दिखाऊ असणं दुर्मीळ नाही. ओल्या हातांनी वापरायची वस्तू असेल तर दोन वेगळ्या वाइंडिंगचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घ्या, वजन आणि किंमत जवळजवळ दुप्पट झाली तरी. पण १२० च्या बाजूला अर्थ पुढे जोडलेला आहे की नुसतं तिसरं भोक ठेवलंय, हे मल्टिमीटरने बघा. वस्तूच्या धातूच्या अंगापासून इथल्या प्लगच्या मोठ्या पिनेपर्यंत रीडिंग शून्याच्या जवळ आलं पाहिजे.

ट्रान्सफॉर्मर रेग्युलेटर नाही, हेही लक्षात असू द्या. बोर्डावर २१० असतील तर बाहेर ११० च्या आत येतील, २४५ असतील तर १२८. आणि काम झालं की डब्याचा स्विच बंद करा. पुढे काही न लावता चालू राहिलेला डबा १५ वॉट खात असेल, तर वर्षाला १३० युनिट नुसते गरम होण्यात जातात.

स्टँड मिक्सर आलाच, तर त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची? तो केक आणि ब्रेडसाठी आहे. पोळ्यांची कणीक ब्रेडच्या पिठापेक्षा घट्ट असते. ३२५ वॉटच्या मिक्सरमध्ये एका वेळी अर्धा किलो पीठ, वेग दोनच्या वर नाही, चार-पाच मिनिटं, मग मिक्सरच्या डोक्यावर हात ठेवून बघा. हात ठेवता येत नसेल तर थांबा. पुरणपोळीची सैल कणीक मात्र तो छान मळतो. आत एक मुद्दाम कमकुवत ठेवलेला गिअर असतो, मोटर वाचावी म्हणून आधी तो जातो. कटकट आवाज आणि हुक फिरायचं थांबणं, ही त्याची खूण. गिअर आणि अन्नाला चालणारं ग्रीस वस्तूबरोबरच मागवून ठेवा. कार्बन ब्रशची काळजी नाही, जवळच्या मापाचा घेऊन कानशीने घासून बसवता येतो.

मोठ्या अमेरिकन ब्लेंडरबद्दल माझं मत चांगलं नाही. निमुळत्या, उंच भांड्यात वाटीभर ओली चटणी वाटायला गेलं की सगळं भिंतीला चिकटतं आणि पातं हवेत फिरतं. त्यात चकलीची भाजणी दळायला घेतली तर प्लास्टिकचं भांडं महिन्यात धुरकट होतं. स्मूदी आणि सूप यांत तो राजा आहे, खोबऱ्याच्या चटणीत आपला ४०० मिलीचा स्टीलचा चटणी जार त्याला हरवतो.

पिनेचं प्रकरण साधं वाटतं आणि सगळ्यांत जास्त जळालेले सॉकेट त्यातूनच निघतात. युरोपियन प्लगच्या पिना ४.८ मिलिमीटरच्या, आपल्या ६ अँपिअरच्या सॉकेटचं भोक ५.१ च्या पिनेसाठी. आत जातो, चालतोही, पण सैल बसतो. सैल जागी ठिणगी, ठिणगीने काजळी, काजळीने आणखी उष्णता. शिवाय त्या प्लगचा अर्थ बाजूच्या पत्र्यांवर असतो, आपल्या सॉकेटमध्ये तिथे काहीच नाही. म्हणजे कॉफी मशिनची धातूची बॉडी बिनअर्थची. इंग्लंडची ३००० वॉटची किटली १३ अँपिअर खाते. ती युनिव्हर्सल अॅडॉप्टरवरून ६ अँपिअरच्या बोर्डात लावली की चहा होतो आणि बोर्डही तपकिरी होतो.

कायम वापरायच्या वस्तूचा प्लग कापून आयएसआयचा १६ अँपिअरचा टॉप बसवणं हाच उपाय. कापताना तारांचे रंग बघा. युरोपात आणि हल्ली आपल्याकडेही तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. अमेरिकन केबलमध्ये काळी तार फेज असते, पांढरी न्यूट्रल, हिरवी अर्थ. आपल्या जुन्या वायरिंगमध्ये मात्र लाल फेज आणि काळी न्यूट्रल. जुना वायरमन सवयीने काळी तार न्यूट्रलला जोडून मोकळा होतो. वस्तू चालते, पण स्विच बंद केल्यावरही आतली कॉइल जिवंत राहते. अर्थात १२० ची वस्तू असेल तर प्लग कापूच नका. ती अमेरिकन पिन हीच तुमची शेवटची राखण आहे, कोणी चुकून सरळ बोर्डात घालू नये म्हणून.

ब्रिटिश प्लग कापताना आणखी एक गोष्ट जाते, आतला फ्यूज. ३ अँपिअरच्या फ्यूजवर विसंबून दिलेल्या बारीक वायरला १६ अँपिअरचा एमसीबी वाचवत नाही. दुबईहून आलेला हँड ब्लेंडर असेल तर फ्यूजसकट मूळ प्लग ठेवा आणि चांगला ब्रिटिश सॉकेटच भिंतीवर बसवून घ्या.

कस्टमचं थोडक्यात, कारण नियम बदलतात. बॅगेज रूल्स २०१६ मध्ये प्रवाशाला ५० हजार रुपयांपर्यंतच्या सामानावर सूट होती. तिकीट काढताना सीबीआयसीच्या (कस्टम सांभाळणाऱ्या केंद्रीय मंडळाच्या) साइटवर चालू आकडा बघा. नवरा-बायकोची सूट एका वस्तूवर एकत्र करता येत नाही, हा मुद्दा अमदावाद किंवा मुंबईला उतरल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेला बरा. बिल जवळ ठेवा, नाहीतर किंमत अधिकारी ठरवतो. कुरियरने मागवणार असाल तर पाकिटावर "गिफ्ट" लिहून काही साधत नाही, डिसेंबर २०१९ पासून गिफ्ट म्हणून येणाऱ्या पार्सलची सवलत राखी आणि जीवरक्षक औषधांपुरती उरली. हिशोब असा होतो: वस्तू, भाडं, विमा मिळून १० हजार, मूळ शुल्क २० टक्के धरलं तर २०००, त्यावर दहा टक्के अधिभार २००, मग १२,२०० वर १८ टक्के आयजीएसटी २१९६. म्हणजे १० हजारांची वस्तू १४,३९६ ला, कुरियरवाल्याचे हाताळणीचे पैसे वेगळे. बॅगेतून आणताना ब्लेंडरची पाती चेक-इनमध्ये, सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्ये.

आणि सगळं सांगूनही कोणीतरी मल्टिकुकर सरळ २३० ला लावतोच. फट् आवाज आला, वास आला, बंद पडला, तर लगेच फेकू नका. बूड उघडा. वायर जिथे कार्डला येते तिथे काचेचा किंवा सिरॅमिकचा फ्यूज असतो आणि शेजारी निळी किंवा पिवळी, बटणासारखी चपटी गोळी, तिला व्हेरिस्टर म्हणतात. १२० च्या वस्तूत ती १५० व्होल्टपर्यंतची असते, वर सहसा २४१ हा आकडा. जास्त व्होल्टेज आलं की ती स्वतः शॉर्ट होते आणि फ्यूज उडवते, मागचं कार्ड पुष्कळदा वाचतं. गोळी फुटून काळी पडलेली असेल तर तिच्याच मापाची, त्याच आकड्याची नवी घाला. हिशेबी माणसं इथे ४७१ ची घालून "आता २३० ला चालेल" म्हणतात. ती गोळी पहारेकरी आहे, तिने व्होल्टेज खाली येत नाही. फ्यूजही त्याच अँपिअरचा. मग सरळ वीज देऊ नका. ट्रान्सफॉर्मरच्या १२० च्या बाजूला वस्तूच्या सिरीजमध्ये पिवळ्या उजेडाचा जुना १०० वॉटचा बल्ब लावा आणि स्विच टाका. बल्ब भक्कन पेटून तसाच राहिला तर आत अजून शॉर्ट आहे, बंद करा. क्षणभर चमकून मंद झाला आणि कुकरच्या डिस्प्लेवर आकडे आले, तर बल्ब काढून कुकरमध्ये दोन वाट्या पाणी घाला आणि दहा मिनिटं उकळून बघा.